स्लायडिंग मोड नियंत्रणातील चॅटरिंग : आधी विलंब मोजा

गोव्यातल्या फर्मागुडीला पदव्युत्तर अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ७५० वॅट, ३००० आरपीएमची स्थायी चुंबकाची सिंक्रोनस मोटर आहे, तिला २५०० रेषांचा एन्कोडर (शाफ्टचा कोन मोजणारा) आहे, तिला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा पीडब्ल्यूएम, म्हणजे स्विचिंग, १० किलोहर्ट्झचा आहे आणि वेगाचा स्लायडिंग मोड कंट्रोलर दर अर्ध्या मिलिसेकंदाला चालतो. स्लायडिंग मोड म्हणजे वेगाच्या चुकीवरून काढलेली एक राशी, तिला पृष्ठ म्हणू, शून्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून आदेश पूर्ण एका किंवा पूर्ण दुसऱ्या दिशेला द्यायचा आणि तिला शून्यावर खिळवून ठेवायचे. सिम्युलेशनमध्ये सगळे सुरळीत असते, पण प्रत्यक्ष बोर्डावर सिग्नम फलन (चिन्ह पाहून फक्त अधिक एक किंवा उणे एक देणारे) ठेवले की मोटर गुरगुरते. सिग्नमच्या जागी सॅच्युरेशन (शून्याजवळच्या पट्ट्यात, म्हणजे सीमास्तरात, हळूहळू बदलणारे फलन) घातले की गुरगुर थांबते, मात्र अर्धा भार टाकताच वेग ४० आरपीएमच्या आसपास उतरतो. गेन (आदेशाचा जोर) वाढवला तर पुन्हा गुरगुर सुरू होते, ती घालवायला सीमास्तर रुंद करावा लागतो आणि वेगाची घसरण होती तिथेच राहते. तेव्हा आता सुपर ट्विस्टिंग या स्लायडिंग मोडच्याच दुसऱ्या प्रकाराकडे वळावे का, असे त्यांनी विचारले आहे.

वळायला हरकत नाही, पण ते काम शेवटचे आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ड्राइव्हची कामे करताना मी हीच वाट उलट्या क्रमाने चाललो आणि त्यात बराच वेळ गेला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. चॅटरिंग, म्हणजे आदेश सारखा उलटसुलट होत राहिल्याने येणारी थरथर, सिग्नम फलनामुळे होते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आदर्श जगात सिग्नम अनंत वारंवारतेने स्विच होतो आणि मोटरच्या जडत्वाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या बोर्डावर पृष्ठ ओलांडले गेल्याची बातमी कंट्रोलरला उशिरा कळते आणि त्याने दिलेला टॉर्क आणखी उशिरा शाफ्टवर पोचतो. तेवढ्या वेळात प्रणाली पृष्ठाच्या पलीकडे निघून गेलेली असते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचा सारंग मांडवीच्या ओढीला तोंड देत धक्क्याची रेषा धरतो, तो सुकाणू दर वेळी पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे फेकत नाही, कारण बोट वळायला किती वेळ घेते हे त्याला ठाऊक असते. तुमच्या कंट्रोलरला ते ठाऊक नाही, आणि तुम्हीही तो वेळ अजून मोजलेला नाही.

तो मोजण्याची सोय गुरगुरीतच आहे. पृष्ठाचे मूल्य गेनच्या दराने शून्याकडे येत असेल आणि एकूण विलंब ठरावीक असेल, तर भार नसताना जे आंदोलन टिकून राहते त्याचा आवर्तकाल विलंबाच्या चौपट असतो आणि त्याचा आयाम गेन आणि विलंब यांच्या गुणाकाराइतका असतो. मोटर मोकळी चालवा, वेगाची नोंद घ्या आणि वारंवारता वाचा. ती १६७ हर्ट्झच्या आसपास निघाली, तर आवर्तकाल ६ मिलिसेकंद आणि विलंब दीड मिलिसेकंद होतो. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाजही एवढाच येतो : नमुना, गणना आणि पुढच्या नमुन्यापर्यंत धरून ठेवणे यांत दीड नमुना म्हणजे ०.७५ मिलिसेकंद, दोन मोजण्यांच्या फरकावरून वेग काढण्यात अर्धा नमुना म्हणजे ०.२५, करंट लूपची (टॉर्कसाठी करंट सांभाळणाऱ्या आतल्या लूपची) बँडविड्थ ५०० हर्ट्झ धरली तर सुमारे ०.३, आणि वेगावर हलका फिल्टर असेल तर त्याचे ०.२. करंट लूप आणि फिल्टर यांचा उशीर शुद्ध विलंब नसून संथ प्रतिसाद असतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, तरी निर्णय घेण्यापुरता तो पुरतो. मोजणी मोकळ्या मोटरवरच करावी, कारण भार गेनच्या जवळ जाऊ लागला की आवर्तकाल वाढतो. भार गेनच्या निम्मा असेल तर तो विलंबाच्या चौपट न राहता सव्वापाच पटींच्या पुढे जातो.

गुरगुर खरोखर चॅटरिंगचीच आहे ना, हेही याच वेळी तपासून घ्या. इन्व्हर्टरच्या डेड टाइममुळेही (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून सोडलेल्या क्षणामुळेही) टॉर्क थरथरतो. डेड टाइम २ मायक्रोसेकंद, पीडब्ल्यूएम १० किलोहर्ट्झ आणि डीसी बस ३२० व्होल्ट असेल, तर दर फेजला सुमारे ६.४ व्होल्टची चूक होते, आणि कमी वेगाला, जिथे मोटरला मुळात थोडेच व्होल्ट लागतात, ती ठळकपणे जाणवते. पण तिची वारंवारता विद्युत वारंवारतेच्या सहापट असते, म्हणजे वेग बदलला की तीही बदलते. कॉगिंगही (चुंबक आणि लोखंडी दात यांच्या ओढीने येणारे अडखळणे) शाफ्टच्या फेऱ्यांशी बांधलेले असते. चॅटरिंगचा सूर मात्र वेग बदलला तरी तोच राहतो. कपलिंगचा यांत्रिक अनुनाद असाच एका सुरात बोलतो, त्यामुळे तिथे फसगत होते. अशा वेळी मी कंट्रोलरच्या आउटपुटला मुद्दाम एका नमुन्याचा उशीर घालून पाहतो. सूर खाली आला तर ते चॅटरिंग आहे; सूर जागचा हलला नाही तर कपलिंग, बेल्ट किंवा पाया तपासावा लागतो.

आता सॅच्युरेशनने वेग का उतरतो ते पाहू. सीमास्तराच्या आत तुमचा कंट्रोलर साधा प्रमाणबद्ध कंट्रोलर असतो आणि त्याचा उतार म्हणजे गेन भागिले स्तराची रुंदी. विलंब असलेल्या लूपमध्ये हा उतार १.५७ भागिले विलंब यापेक्षा जास्त झाला की आंदोलन सुरू होते, आणि निवांत चालायचे असेल तर तो विलंबाच्या व्यस्ताच्या निम्म्याहूनही थोडा खाली ठेवावा लागतो. म्हणजेच स्तराची रुंदी गेन आणि विलंब यांच्या गुणाकाराच्या अडीचपट लागते. हा गुणाकार म्हणजेच वर मोजलेला चॅटरिंगचा आयाम, त्यामुळे नियम सोपा होतो : सिग्नम लावून आयाम मोजा आणि सीमास्तर त्याच्या दोन ते तीन पट ठेवा. स्तराच्या आत उरणारी चूक मात्र व्यत्यय (भाराचा टॉर्क भागिले जडत्व) गुणिले रुंदी भागिले गेन इतकी असते. त्यात वरची रुंदी घाला. गेन वर-खाली कटतो आणि अडीच गुणिले विलंब गुणिले व्यत्यय एवढेच उरते. गेन वाढवूनही तुमच्या वेगाची घसरण का हलली नाही, याचे उत्तर इथे आहे.

आकडे घालून पाहा. मोटरचा पूर्ण टॉर्क सुमारे २.४ न्यूटन-मीटर येतो. अर्धा भार १.२, आणि एकूण जडत्व ०.००१ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले तर व्यत्यय १२०० रेडियन प्रति सेकंद वर्ग होतो. दीड मिलिसेकंदाच्या विलंबाने चूक ४.५ रेडियन प्रति सेकंद म्हणजे ४३ आरपीएम येते. तुम्ही ४० लिहिले आहे. तुमचा कंट्रोलर बिघडलेला नाही. त्या विलंबाला आणि त्या भाराला जे यायचे तेच येते आहे. म्हणून हात घालायचा तो या दोनच गोष्टींना : विलंब कमी करणे, आणि सिग्नमच्या वाट्याला येणारा व्यत्यय कमी करणे.

विलंबाबाबत एक अनुभव सांगतो. वेर्ण्यातल्याच एका औषध कारखान्यात लेबल लावणाऱ्या यंत्रावर आम्ही स्वतः विकसित केलेला ड्राइव्ह बसवला होता आणि वेगाचा कंट्रोलर स्लायडिंग मोडचाच होता. पहिल्या आठवड्यात तक्रार नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या फिटरने मला बोलावून टायमिंग बेल्टखालच्या पांढऱ्या पत्र्यावर बोट फिरवून दाखवले; बोटाला रबराची काळी भुकटी लागली होती. औषधाच्या खोलीत अशी भुकटी म्हणजे यंत्र बंद. कपलिंगवरच्या जाळीला हात लावला की मंद, एकसारखी थरथर जाणवत होती, आणि नोंद घेतली तर सूर ११० हर्ट्झचा निघाला, म्हणजे विलंब सुमारे २.३ मिलिसेकंद. तुमच्यासारखाच अर्ध्या मिलिसेकंदाचा लूप असताना एवढा विलंब येतो कुठून म्हणून शोधले, तर एन्कोडरचा वेग खडबडीत दिसतो या कारणाने कोणीतरी १ मिलिसेकंदाचा फिल्टर लावून ठेवला होता. हे काम माझ्याच चमूतले होते. दिसणारा खडबडीतपणा झाकण्यासाठी घातलेला फिल्टरच चॅटरिंग वाढवत होता. तो काढून त्या जागी ऑब्झर्व्हर (मोटरच्या मॉडेलवरून वेगाचा अंदाज काढणारा सॉफ्टवेअरचा भाग) घातल्यावर विलंब १.३ मिलिसेकंदावर आला, सूर १९० हर्ट्झपर्यंत चढला आणि त्याच गेनला आयाम जवळपास निम्म्यावर आला.

तो खडबडीतपणा खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तुमच्या २५०० रेषांचे चौपट करून एका फेरीला १०,००० पल्स मिळतात. अर्ध्या मिलिसेकंदात एक पल्स इकडचा तिकडे झाला की वेग १२ आरपीएमने उडी मारतो, लूप ०.१ मिलिसेकंदाचा केला तर तीच उडी ६० आरपीएमची होते. तेव्हा विलंब कमी करायला नुसता लूप वेगवान करून भागत नाही. पृष्ठाच्या व्याख्येत तुम्ही वेगाच्या चुकीबरोबर तिचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेतला असेल, तर तो आजच काढून टाका. १२ आरपीएमची उडी अर्ध्या मिलिसेकंदाने भागली की सुमारे २५०० रेडियन प्रति सेकंद वर्ग येतात, आणि तुमची मोटर पूर्ण टॉर्कला २४०० देते. एका पल्सच्या गडबडीवरून कंट्रोलरला मोटर पूर्ण ताकदीने पळत असल्याचे दिसते. ड्राइव्हसाठी पृष्ठ वेगाची चूक अधिक तिचे इंटिग्रल (साठत गेलेली बेरीज) असेच घ्यावे. त्याचा दुसरा लाभ असा की सीमास्तर असूनही स्थिर भाराला वेगाची चूक अखेर शून्यावर येते : पृष्ठाचे मूल्य एका जागी थांबते, ते शून्य नसले तरी चालते, पण ते स्थिर राहायचे तर वेगाची चूक विरूनच जावी लागते. करंटची मर्यादा लागली की हे इंटिग्रल थांबवायला मात्र विसरू नका. पावसाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज मध्येच बसते, डीसी बस खाली येते आणि मोटर क्षणभर मर्यादेला टेकते. त्या वेळी इंटिग्रल फुगलेले असले तर वीज सावरल्यावर वेग लक्ष्याच्या पुढे उसळतो.

व्यत्यय कमी करण्याचे काम ऑब्झर्व्हरकडे द्यावे. कोन, वेग आणि भाराचा टॉर्क अशा तीन अवस्थांचा ऑब्झर्व्हर लिहा, त्याला दिलेला टॉर्क इनपुट म्हणून द्या, आणि एन्कोडरचा कोन आणि अंदाजाचा कोन यांच्या फरकाने तो दुरुस्त करत राहा. टॉर्क आधीच ठाऊक असल्यामुळे वेगाचा अंदाज फिल्टरसारखा मागे रेंगाळत नाही आणि पल्सच्या उड्याही गुळगुळीत होतात. तिसरी अवस्था म्हणजे भार. तो थेट करंटच्या आदेशात मिळवावा. स्थिर भार ऑब्झर्व्हर पूर्णच ओळखतो, झपाट्याने बदलणाऱ्या भाराचा काही भाग निसटतो. समजा बदलातला ८० टक्के भाग त्याने पकडला, तर सिग्नमच्या वाट्याला १२०० ऐवजी २४० उरतात आणि १५०० चा गेन ३०० वर आणता येतो. त्याच दीड मिलिसेकंदाच्या विलंबाला चॅटरिंगचा आयाम २१ आरपीएमवरून साधारण ४ वर येतो, सीमास्तर लावल्यास भार बदलतानाची घसरणही ४३ वरून ९ च्या आत येते. मला ठाऊक असलेल्या सर्व उपायांत एवढ्या कमी श्रमात एवढे देणारा दुसरा उपाय नाही. फक्त ऑब्झर्व्हर अति वेगवान करू नका. भाराचा अंदाज साधारण ३० ते ६० हर्ट्झपर्यंतच धावू द्या, नाहीतर पल्सच्या उड्या भार म्हणून करंटमध्ये शिरतात.

यामागचा विचार जुना आहे आणि मुळातून समजून घेण्यासारखा आहे. स्लायडिंग मोडची मांडणी मॉस्कोत एमेल्यानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली आणि उत्किन यांच्या १९७७ च्या आढावा लेखाने ती जगभरच्या अभियंत्यांपर्यंत पोचली. १९८५ मध्ये उत्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्विचिंगचा लूप प्रत्यक्ष यंत्राभोवती न बांधता ऑब्झर्व्हरच्या अंदाजाभोवती बांधला, तर मॉडेलमध्ये न धरलेली जलद गतिकी त्या लूपच्या बाहेर राहते. ऑब्झर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये असतो; त्याला ना करंट लूपचा उशीर, ना एन्कोडरचा. तिथे स्लायडिंग जवळजवळ आदर्श घडते आणि मोटरला तिची गुळगुळीत सावली मिळते.

इथवर आल्यावर सुपर ट्विस्टिंग. लेव्हांट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत आदेशाचे दोन भाग असतात : एक पृष्ठाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, दुसरा सिग्नमचे इंटिग्रल. उडी इंटिग्रलच्या आत गेल्यामुळे करंटचा आदेश अखंड राहतो. इथे मर्यादा व्यत्ययाची नव्हे, त्याच्या बदलाच्या दराची लागते. त्या दराची कमाल ठाऊक असेल तर पहिला गेन तिच्या वर्गमुळाच्या दीडपट आणि दुसरा तिच्या १.१ पट, ही लेव्हांट यांचीच निवड सुरुवातीला चांगली आहे. तुमचा भार ०.६ न्यूटन-मीटरने ३० मिलिसेकंदांत बदलत असेल, तर दर २०,००० होतो, पहिला गेन सुमारे २१२ आणि दुसरा २२,०००. एकदम आपटलेल्या भाराला कोणताच दर पुरत नाही. तिथे वेग क्षणभर ढळतो आणि परततो, एवढे गृहीत धरावे.

विलंब असताना सुपर ट्विस्टिंगही आंदोलते, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. वर्गमुळाचा उतार शून्यापाशी अनंत होतो, त्यामुळे पृष्ठाच्या अगदी जवळ कुठेतरी विलंबाची मर्यादा ओलांडली जातेच. फरक एवढा की साध्या सिग्नमला आयाम विलंबाच्या प्रमाणात असतो आणि इथे विलंबाच्या वर्गाच्या. वरच्या गेननी आणि दीड मिलिसेकंदाने हिशेब केला तर आदेश भागिले पृष्ठाचे मूल्य हा उतार पृष्ठापासून ०.०४ रेडियन प्रति सेकंदाच्या आत गेल्यावरच अस्थिरतेला पोचतो, म्हणजे अर्ध्या आरपीएमपेक्षाही जवळ. तुमच्या एन्कोडरची एक उडी मात्र १२ आरपीएमची आहे. कच्चा वेग देऊन सुपर ट्विस्टिंग चालवलेत तर पुन्हा गुरगुर ऐकाल आणि पद्धतीला दोष द्याल, जेव्हा दोष पल्सचा असेल. ऑब्झर्व्हर आधी आणि सुपर ट्विस्टिंग नंतर, असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

इतर उपायांना मी थोडक्यात स्पर्श करतो. गाओ आणि हंग यांच्या १९९३ च्या रीचिंग लॉमध्ये (पृष्ठाकडे कसे यायचे ते ठरवणाऱ्या नियमात) सिग्नमबरोबर पृष्ठाच्या प्रमाणातले पद घालतात; त्यामुळे दूर असताना वेगाने येता येते आणि सिग्नमचा गेन लहान ठेवता येतो. साध्या मोटरला तो ऑब्झर्व्हरच्या जोडीने छान चालतो. गेन आपोआप वाढवणाऱ्या अनुकूली पद्धतींबाबत सावध राहा. गेन कमी करण्याची सोय नसेल तर पल्सच्या गोंगाटावर तो चढत जातो आणि महिनाभराने यंत्र गुरगुरू लागते. सिग्नम पुढच्या नमुन्याच्या मूल्यावर काढायची अंतर्निहित पद्धत गणनेतून उद्भवणारे चॅटरिंग घालवते, आणि ती लिहून पाहिलीत तर गेन गुणिले नमुना-काल एवढ्या रुंदीचे सॅच्युरेशनच आपोआप हाती येते. पण करंट लूपचा विलंब तिला माहीत नसतो, त्यामुळे तुमच्या बोर्डावर ती रुंदी अपुरी पडेल. नमुन्यांच्या जगातल्या स्लायडिंग मोडवर आपल्याकडे आयआयटी मुंबईत बी. बंद्योपाध्याय यांनी पुष्कळ काम केले आहे. प्रबंधासाठी ते जरूर वाचा.

सिम्युलेशनने तुम्हाला आधी सावध केले नाही याचे कारणही विलंबच आहे. मॉडेलमध्ये वेगाच्या लूपला अर्ध्या मिलिसेकंदाचा नमुना, आदेशाला एका नमुन्याचा उशीर, कोनाला १०,००० पायऱ्या आणि करंट लूपला त्याची खरी बँडविड्थ द्या, वेगावर फिल्टर असेल तर तोही घाला. मग तोच १६७ हर्ट्झ पडद्यावर दिसला पाहिजे. दिसला तर पुढचा प्रत्येक बदल आधी तिथे करून पाहा, मोटर वाचेल. नाही दिसला तर मॉडेलमध्ये अजून काहीतरी धरायचे राहिले आहे, आणि ते शोधल्याशिवाय गेनला हात लावू नका.

हे सर्व जमल्यावर एक कुरकुर बहुधा उरेल, ती शून्य वेगाची. मोटर थांबलेली असताना शाफ्ट एका पल्सच्या काठावर बसतो, कोन एका पल्सने पुढे-मागे होत राहतो आणि प्रत्येक वेळी कंट्रोलर करंट उलटा करतो. स्थिर घर्षण त्याला हलू देत नाही, म्हणून हालचाल दिसत नाही, पण कान लावला की ऐकू येते आणि दिवसभरात वाइंडिंग तापते. वेगाचे लक्ष्य शून्य असेल आणि कोन एका पल्सच्या आत असेल, तेव्हा सिग्नमचा भाग गोठवावा आणि ऑब्झर्व्हरने ओळखलेला भार तेवढा धरून ठेवावा. कोन दोन पल्स सरकला की सिग्नम पुन्हा जागा करावा. एक आणि दोन या दोन वेगळ्या मर्यादा ठेवायच्या त्या एवढ्यासाठी की एकच मर्यादा ठेवली तर मोटर तिच्याच काठावर बसून पुन्हा कुरकुरू लागते.